पीक जिथं, बंदूक तिथं

कायदा पाळणाऱ्या माणसाला या देशात कुणी हात लावू शकत नाही, असं आल्बर्ट तुस्कानो यांचं एकसष्ट वर्षांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी मुंबईच्या विमानतळावर बदललं. बदलताना एक जवान त्यांच्या दोन्ही बगलांतून हात फिरवत होता आणि कमरेचा पट्टा प्लास्टिकच्या ट्रेमध्ये पडला होता. एका हाताने पँट सावरत मत बदलणं ही काही मानाची गोष्ट नाही, पण वेळ तीच होती.

आल्बर्ट एका विमा कंपनीच्या दावे विभागातून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज कोणत्या रकान्यावरून परत पाठवता येतील याचा अभ्यास केला. एकदा एका विधवेने मृत्यूच्या कारणापुढे ‘देवाची इच्छा’ असं लिहिलं, तेव्हा त्यांनी ‘पुरावा जोडावा’ असा शेरा मारला होता. यात दुष्टपणा नव्हता. रकाना पुराव्याचा होता. रकाना असला की तो भरावा, आणि खरं तेच भरावं, एवढीच त्यांची श्रद्धा. बाकीची श्रद्धा रविवारी चर्चमध्ये.

तर अशा माणसाच्या घरात एक बंदूक होती. बारा बोअरची, एकनळी, पापांची. वसईजवळच्या बोळिंजला जेव्हा भातशेती होती, केळीच्या बागा होत्या आणि रात्री बागेत डुकरं घुसत होती, तेव्हा पापांनी पिकाच्या राखणीसाठी तिचा परवाना काढला होता. पापा गेले, परवाना रीतसर आल्बर्टच्या नावावर आला. शेत त्याआधीच बिल्डरच्या नावावर गेलं होतं. आता तिथं ‘हार्वेस्ट हाइट्स’ नावाच्या सात-सात मजली चार इमारती उभ्या होत्या आणि आल्बर्टचा फ्लॅट बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर होता, म्हणजे त्यांच्या हिशेबाने वालाच्या वाफ्याच्या बरोबर वर. जुनी विहीर तेवढी शिल्लक होती. सोसायटीने तिच्यावर लोखंडी जाळी बसवून ‘येथे निर्माल्य टाकू नये’ अशी पाटी लावली होती.

बंदूक कपाटात असे, पापांच्या लांब चामडी पेटीत. निवडणूक आली की ती चादरीत गुंडाळून रिक्षाने पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की पावती दाखवून परत आणायची. एवढाच तिचा प्रवास. आल्बर्टनी आयुष्यात ती एकदाही चालवली नव्हती. दर नाताळाला खोबरेल तेलाने पुसत मात्र असत.

आता रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यामुळे झालं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी विहिरीचं पाणी काढून नवरीला त्याने आंघोळ घालायची, ही रीत तशी वसईत घरोघरी. बँड असतो, घडा असतो, बायका गाणी म्हणतात. तुस्कानोंची भर एवढीच, की घरच्या लेकीच्या मुलीचं लग्न असेल तर घडा पाण्याला टेकताना नवरीच्या मामाने हवेत एक बार काढायचा. छर्रे कुणाच्या डोक्यात पडू नयेत म्हणून हे काम विहिरीमागच्या भिंतीआड. आणि बायाबापड्या दचकू नयेत म्हणून त्या वेळी सगळ्यांनी डोळे मिटून ‘नमो मारिया’ म्हणायचं. शेवटचा बार पापांनी एकोणनव्वद साली काढला, त्यांच्या भाचीच्या लग्नात. आल्बर्ट तेव्हा पंचविशीत होते, डोळे मिटून उभे होते आणि बाराच्या आवाजाने त्यांच्या हातातलं फुलांचं तबक विहिरीत पडलं होतं. पुढे त्यांच्या बहिणीला, उर्सुलाला, मुलगी झाली. प्रीतल. बाराची पाळी आल्बर्टवर येणार हे त्या दिवशीच ठरलं.

प्रीतल बंगळुरूला नोकरीला, नवरामुलगा ॲल्रॉय मंगळुरूचा. दोघांनी वसई ते मंगळुरू नकाशा काढला, मध्ये गोवा दिसला, तिथं एका रिसॉर्टमध्ये लग्न ठरलं. नाताळानंतरच्या आठवड्यात. विमानाची तिकिटं ऑगस्टमध्ये स्वस्त होती, ती आल्बर्टनी काढून टाकली. स्वस्त म्हणजे रद्द न होणारी.

दुसऱ्या दिवशी उर्सुलाचा फोन आला. आल्बर्ट तिला बाय म्हणत. ती त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. नवऱ्याकडचे सॅक्सोफोन आणणार आहेत, ड्रोन आणणार आहेत, नाचायला शिकवणारी बाई आणणार आहेत, हे सगळं तिने सांगितलं. तिचा नवरा, फ्रान्सिस, करोनात गेला होता.

“पोरीला बाप नाय, आल्बर्ट,” ती म्हणाली. “बार तरी होऊ दे.”

आल्बर्ट म्हणाले, “होईल. रीतसर होईल.”

यातला ‘रीतसर’ हा शब्द त्यांनी वापरायला नको होता, असं क्लेमेंटीनचं मत पडलं. क्लेमेंटीन म्हणजे आल्बर्टची बायको. तिची मतं थोडी असत आणि ती बहुतेक वेळा नंतर खरी ठरत.

बातमी बी विंगमध्ये पसरली आणि सल्ले यायला लागले. समोरच्या फ्लॅटमध्ये कॉन्रॅड राहत असे. पूर्वी त्याचं घर तुस्कानोंच्या कुंपणाला लागून होतं. बिल्डरने दोघांना एकाच मजल्यावर आणून ठेवलं. कॉन्रॅड म्हणाला, गाडीने जा, बंदूक डिकीत टाक आणि वर पाच किलो सुके बोंबील टाक, सीमेवरचा पोलीस नाक धरून सलाम करील. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सुचवलं की बंदुकीचे तीन भाग करून तिघांनी वेगवेगळं न्यावं, म्हणजे कुणाकडेच बंदूक नसेल. (तिघांकडेही संशय असेल, हे आल्बर्टनी त्यांच्या लक्षात आणून दिलं.) चौथ्या मजल्यावरच्या हंसाबेन म्हणाल्या, बँडवाल्यांच्या ट्रम्पेटच्या पेटीत घाला, त्यात काय असतं ते कुणालाच माहीत नसतं.

आल्बर्टनी सगळ्यांना शांतपणे सांगितलं की परवान्यावर लिहिलेल्या हद्दीबाहेर बंदूक नेणं हा गुन्हा आहे, मग ती हद्द जमिनीवरून ओलांडा की बत्तीस हजार फुटांवरून. विमानाचे नियम त्यांनी छापून घेऊन लाल पेनाने अधोरेखित केले होते. बंदूक हातातल्या सामानात चालत नाही. रिकामी करून, कुलूपबंद पेटीत घालून, काउंटरवर लेखी जाहीर करून, खालच्या सामानात द्यायची. काडतुसं वेगळी. आणि परवाना, जिथं उतरायचं त्या राज्यातही चालणारा हवा.

“एवढं करन्यापेक्षा तिथं एक फटाका लाव ना,” कॉन्रॅड म्हणाला.

त्या दिवसापासून आठवडाभर आल्बर्टनी कॉन्रॅडकडचा पेपर वाचायला घेतला नाही.

परवाना शाखेत रीमा मॅडम नावाच्या बाई होत्या. वयाने आल्बर्टच्या मुलीएवढ्या, पण चष्मा असा घालत की समोरच्याला आपणच काहीतरी विसरल्यासारखं वाटावं. परवान्याची हद्द वाढवून मिळण्याचा अर्ज त्यांनी हातात घेतला. चार पानी अर्ज, एकही खाडाखोड नाही. अशा अर्जाची त्या खिडकीला सवय नसावी, कारण त्यांनी तो पूर्ण वाचला.

“काका, हेतूच्या रकान्यात काय लिहिलंय हे?”

“हेतू.”

“भाचीच्या लग्नात हवेत बार काढणे.”

“एकच बार. तपशील परिशिष्टात आहे.”

रीमा मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. मग त्यांनी समजावून सांगितलं की लग्नाकार्यात आनंदाने हवेत गोळी झाडून लोकांचा जीव धोक्यात घालणं हा आता वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षं कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लोक असले गुन्हे करतात, मग कुणीतरी व्हिडिओ टाकतो, मग पोलीस शोधत जातात. गुन्ह्याची तारीख, वेळ, ठिकाण आणि परिशिष्ट चार महिने आधी आणून देणारा माणूस त्यांच्या नोकरीत पहिलाच.

आल्बर्ट घरी आले आणि त्यांनी दुसरा अर्ज लिहिला. बार आणि बंदूक या दोन स्वतंत्र बाबी आहेत, असा त्यांनी विचार केला. आधी बंदूक गोव्यात पोहोचू दे. बाराचं गोव्यातल्या अधिकाऱ्यांना वेगळ्या अर्जाने विचारता येईल. नव्या अर्जात हेतूपुढे त्यांनी लिहिलं: कौटुंबिक समारंभास उपस्थिती.

“कोणाची?” रीमा मॅडमनी विचारलं.

“बंदुकीची.”

रीमा मॅडमनी मूळ परवाना उघडला, दोन पानं उलटली आणि खरा प्रश्न विचारला. परवाना पिकाच्या राखणीचा आहे. हद्द वसई तालुका आहे. “म्हणजे पीक जिथं, बंदूक तिथं. मग ही गोव्याला कशाला चाललीय? तुमचं पीक चाललंय का गोव्याला?”

चौतीस वर्षं आल्बर्टनी लोकांना असे प्रश्न विचारले होते. आपल्याला कुणी विचारला तर तो किती उत्तम वाटतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. मनातल्या मनात त्यांनी बाईंना दाद दिली.

“केळीचा एक घड घेऊन जा सोबत,” घरी आल्यावर कॉन्रॅड म्हणाला. “विचारलं तर सांग, हे पीक आणि ही राखन.”

पण अर्ज एकदा खिडकीतून आत गेला की माणसाचा राहत नाही. पिकाचा प्रश्न निघाला, त्यावर शेरा पडला, शेऱ्यावर चौकशी लागली आणि ऑक्टोबरातल्या एका दुपारी तलाठी पिकाची पाहणी करायला हार्वेस्ट हाइट्सच्या बी विंगमध्ये लिफ्टने आला.

सुरज नावाचा तरुण तलाठी होता, गरीब चेहऱ्याचा. क्लेमेंटीनने त्याला सरबत दिलं आणि बशीत सुकेळी ठेवली. सुकेळी म्हणजे वसईची वाळवलेली राजेळी केळी; वाळल्या पानात गुंडाळून, सुतळीने करकचून बांधलेल्या लांबट पुड्या. सुरजने दोन खाल्ल्या आणि ही केळी कुठली, असं सहज विचारलं. आल्बर्टचा चेहरा उजळला. त्यांनी त्याला खाली नेलं आणि विहिरीमागे क्लेमेंटीनने लावलेली केळी दाखवली. तीन खुंट होते. एकावर घड होता. बाजूला अळू माजलं होतं.

“याची राखण बंदुकीने करता?” सुरजने विचारलं. विचारताना त्याला स्वतःलाच संकोच झाला असावा.

आल्बर्टना खोटं बोलता आलं असतं. घड मोठा होता, सुरज भला होता, सुकेळी त्याला आवडली होती. एक डुक्कर पुरेसं होतं. पण विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं ही त्यांची सवय. ते म्हणाले, “नाही. वॉचमन आहे.”

अहवालात सुरजने लिहिलं: केळी तीन, अळू आहे. उपद्रवी प्राणी, कबुतरे. क्षेत्र सोसायटीचे.

नोव्हेंबरात नोटीस आली. पीक अस्तित्वात नसल्याने परवाना रद्द का करू नये, याचा खुलासा करावा. निर्णय होईपर्यंत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी. म्हणजे बंदूक गोव्याला नेण्याची परवानगी मागायला गेलेल्या आल्बर्टची ती घरात ठेवण्याची परवानगीही धोक्यात आली. वीस वर्षं कपाटात बिनबोभाट पडलेली बंदूक. कॉन्रॅड हे वाक्य दिवसातून दोनदा म्हणायचा, ‘बिनबोभाट’वर जोर देऊन.

आल्बर्टनी बंदूक पेटीसकट चादरीत गुंडाळली, रिक्षा केली, जमा केली, पावती घेतली. चामड्याची लांब पेटी मात्र परत आणली. ठाणे अंमलदार म्हणाला, पावतीत पेटीचा रकाना नाही. हे कारण आल्बर्टना पटलं.

खरं अवघड काम होतं उर्सुलाला सांगणं. पंधरा दिवस ते फोनवर ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढंच बोलत राहिले. शेवटी एका रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात त्यांनी तिला गाठलं आणि बंदूक जमा आहे, ती येणार नाही, असं सांगून टाकलं. नोटिशीची प्रत त्यांनी सोबत आणली होती. ती तिने वाचली नाही.

“फ्रान्सिस बोलला होता,” उर्सुला म्हणाली, “बाराला मी डोळे मिटनार नाय, बघनार.” मग पदराने तोंड पुसून ती म्हणाली, “पेटी तरी आन. पापाची पेटी दिसली पायजे.”

पेटी आणायला कुठल्याही कायद्याची हरकत नव्हती. आल्बर्टनी तीनदा तपासलं.

राहता राहिली विमान कंपनी. ऑगस्टपासून आल्बर्टनी तिच्या मदत क्रमांकावर अकरा फोन केले होते आणि ‘एक बंदूक, जाहीर’ अशी नोंद तिकिटावर करून घेतली होती. आता ती काढायला त्यांनी बारावा फोन केला. पलीकडच्या मुलीने पंधरा मिनिटं संगीत ऐकवलं आणि सांगितलं की सीट बदलता येते, जेवण बदलता येतं, बंदूक काढायची सोय संगणकात नाही. विमानतळावर काउंटरला सांगा, सर.

“नाही सांगितलं तर?” क्लेमेंटीनने विचारलं. “ऐका माझं. जी नाही तिचं नाव कशाला काढायचं?”

“नोंद आहे,” आल्बर्ट म्हणाले.

निघायच्या आदल्या दिवशी क्लेमेंटीनने एवढी लांब पेटी रिकामी नेणं म्हणजे वजन फुकट घालवणं, असं म्हणून त्यात प्रीतलच्या सासरसाठी सुकेळीच्या बारा पुड्या ओळीने बसवल्या. कॉन्रॅड दोन दिवस आधीच रेल्वेने पुढे गेला होता. विमानाची भीती वाटते, असं तो म्हणाला. शिवाय मडगावला थोडी खरेदी होती.

विमानतळावर काउंटरची मुलगी हसतमुख होती. सामान सरकत्या पट्ट्यावर गेलं, पेटीही गेली. मुलीने बोर्डिंग पास छापायला घेतला. इथं गप्प बसायला हरकत नव्हती. आल्बर्टनी घसा साफ केला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मॅडम, मी बंदूक आणलेली नाही.”

ज्यांनी बंदूक आणलेली नसते अशी हजारो माणसं रोज त्या काउंटरवरून जातात. त्यांतलं कुणीच हे वाक्य बोलत नाही. मुलीचं हसू जागच्या जागी थांबलं. तिने पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर बंदूक होती. तिने ड्यूटी मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरने सुरक्षा दलाच्या अधिकाऱ्याला बोलावलं, आणि पाच मिनिटांत आल्बर्ट आणि क्लेमेंटीन बाजूच्या एका खोलीत होते. तिथल्या टेबलावर पिवळ्या ट्रेमध्ये आल्बर्टचा पट्टा ठेवलेला होता.

अधिकारी मराठी होता. त्यामुळे काहीच सोपं झालं नाही.

“बंदूक कुठाय?”

“आणलेली नाही.”

“मग जाहीर का केलीत?”

“आणणार होतो.”

“आता कुठाय ती?”

“पोलीस ठाण्यात.”

“पोलिसांनी पकडली?”

“नाही. मी जमा केली.”

“का?”

“पीक नाही म्हणून.”

अधिकाऱ्याने क्लेमेंटीनकडे पाहिलं. घरचं माणूस काही वेगळं सांगतंय का, याचा तो अंदाज घेत असावा. क्लेमेंटीन छताकडे बघत होती.

अडचण अशी होती की विमानतळाच्या कागदावर एक बंदूक आलेली होती आणि प्रत्यक्षात ती सापडत नव्हती. न आणलेल्या बंदुकीचं कुणाला काही वाटत नाही. जाहीर केलेली बंदूक बेपत्ता झाली तर विमानतळ हादरतो. वायरलेसवर बोलणी झाली. आल्बर्टच्या सामानाची शोधाशोध झाली. तेवढ्यात खालच्या क्ष-किरण यंत्रातून बातमी आली की बंदुकीच्या आकाराची पेटी सापडली आहे, बंदूक आत नाही, पण सुतळीने बांधलेल्या बारा नळकांड्या आहेत.

“सुकेळी,” क्लेमेंटीन म्हणाली.

“काय?”

“केळी. वाळवलेली.”

“म्हणजे पीक आहे,” अधिकारी म्हणाला. त्याला विनोद करायचा नव्हता. तो नुसतं हाती लागेल ते जोडत होता.

पेटी आणली गेली. एका जवानाने मोजे घालून पहिली पुडी सोडली आणि ती खरोखर केळी निघाली. मग त्याने एक पांढरी पट्टी पेटीच्या आतल्या अस्तरावर घासून यंत्रात घातली. यंत्र वाजलं. दुसरी पट्टी घासली. पुन्हा वाजलं. पेटीत स्फोटक दारू होती, अस्तराच्या शिवणीशिवणीत, करड्या भुकटीसारखी.

आल्बर्ट एवढ्या वेळात पहिल्यांदाच ताठ बसले. “ती एकोणनव्वद सालच्या बाराची आहे,” ते म्हणाले. “आमच्या पापांच्या.” पँट सावरलेल्या अवस्थेतही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान आला.

आल्बर्टनी जमा पावती पुढे केली. अधिकाऱ्याने ती उजेडात धरून पाहिली, तिच्यावरचा फोन नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. पोलीस ठाण्याचा फोन वाजत राहिला. विमानाची पहिली सूचना झाली, दुसरी झाली. तिसऱ्यांदा लावला तेव्हा अंमलदाराने उचलला, नंबर लिहून घेतला आणि बघून सांगतो म्हणाला. पावतीपेक्षा बंदूक खरी, तेव्हा ती डोळ्यांनी बघणं भाग होतं, आणि बंदुकीची कोठडी ज्याच्या ताब्यात होती तो जेवायला गेला होता. चाळीस मिनिटं फोन चालू राहिला. त्यातून पंख्याचा, कपाटाचा आणि कुणाच्या तरी मोटारसायकल चोरीच्या तक्रारीचा आवाज येत होता. या काळात विमान गोव्याला निघून गेलं.

“हां साहेब, सापडली,” अंमलदार म्हणाला. “नंबर जुळतोय. तुस्कानो, बोळिंज. पण तुम्ही एवढं टेन्शन कशाला घेताय? ही चालत नाही.”

“चालत नाही म्हणजे?”

“काडतूस फोडते ती पिनच नाहीये हिला. आमच्या रजिस्टरला जुनाच शेरा आहे. चौऱ्याऐंशीच्या निवडणुकीला जमा झाली तेव्हाचा. ‘पिन नाही, बंदूक निकामी.’ तेव्हापासून तशीच येते, तशीच जाते.”

अधिकाऱ्याने आल्बर्टकडे पाहिलं आणि मग, कोण जाणे का, पट्ट्याचा ट्रे त्यांच्यापुढे सरकवला. केळीची पुडी जवानाने पुन्हा नीट बांधून दिली.

चौऱ्याऐंशी. आणि बार एकोणनव्वदचा. पुढच्या विमानात आल्बर्ट हे दोन आकडे मांडून बसले. कसेही मांडले तरी जमेना. दाव्याचा अर्ज असता तर त्यांनी शेरा मारला असता: घटना असंभव, पुरावा जोडावा. पण आवाज त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. तबक विहिरीत पडलं होतं.

क्लेमेंटीनने त्यांच्या हातात लिमलेटची गोळी ठेवली. “बायला सांगणार?” तिने विचारलं.

“सांगायला हवं,” आल्बर्ट म्हणाले. “खरं आहे ते.”

रिसॉर्टला पोहोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. विहीर खरी होती, जुनी, चिऱ्यांची. खांबावर वायफायची डबी लावलेली. सॅक्सोफोनवाला तयार होता, ड्रोन वर घोंगावत होता, प्रीतल लाल लुगड्यात घडा घेऊन उभी होती. विहिरीमागे रिसॉर्टच्या धोबीखान्याची भिंत होती. उर्सुला पुढे आली. तिने पेटीवरून हात फिरवला, कुलपावरून फिरवला.

“पापाचा वास येतो,” ती म्हणाली. मग आल्बर्टकडे बघून हळूच म्हणाली, “बार होनार नाय, ठाव हाय मला. तू नुसता भिंतीमागं जाऊन उभा रा. मी डोळे मिटीन.”

आल्बर्टनी तोंड उघडलं. चौऱ्याऐंशीचा शेरा, पिन, रजिस्टर, सगळं अगदी जिभेवर होतं, तारीखवार. त्यांनी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक रकाना कोरा सोडला आणि पेटी घेऊन भिंतीमागे गेले.

भिंतीमागे वाळत घातलेल्या चादरींच्या आड कॉन्रॅड उकिडवा बसला होता. हातात पेटलेली उदबत्ती होती.

पलीकडे बायकांनी ‘नमो मारिया’ सुरू केलं. आल्बर्टनी कॉन्रॅडकडे पाहिलं, त्याच्या पुढ्यातल्या विटेवर ठेवलेल्या हिरव्या सुतळीच्या गोळ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या हातातल्या पेटीकडे.

“पापा त्याच पेटीत ठेवायचे,” कॉन्रॅड म्हणाला. “कुनाला सांगू नको, बोलले होते. नाय सांगितलं.” त्याने वात पेटवली. “कान झाक. एकोननव्वदला मी झाकले नव्हते, आठ दिवस ऐकू आलं नाय.”

बार झाला. धोबीखान्यातून दोन बायका धावत बाहेर आल्या, ड्रोन नारळीत अडकला, आणि विहिरीकडून टाळ्या आणि सॅक्सोफोन एकदमच सुरू झाले. भिंतीला वळसा घालून उर्सुला आली. कॉन्रॅड तेवढ्यात चादरीआड झाला होता. ती आल्बर्टच्या खांद्याला धरून उभी राहिली, डोळे अजून ओले.

“तोच आवाज, आल्बर्ट,” ती म्हणाली. “पापाचाच. मी वळखला.”

सुतळी बॉम्ब मडगाव स्टेशनसमोर मिळतात. पाकिटात दहा येतात. नऊ उरले.